किनाऱ्यावरून उगमाकडे

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन माणसे कचरा वेचू लागली. एक होते अफरोज शाह हे तरुण वकील, दुसरे त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी. बालपणीच्या ओळखीच्या या किनाऱ्याजवळ शाह पुन्हा राहावयास आले, तेव्हा वाळू प्लास्टिकच्या थराखाली दडली होती. वकिलाच्या हाती याचिकेचे साधन असतेच. शाह यांनी मात्र आधी हातमोजे चढवले.

दर आठवड्याच्या सुट्टीत हे काम चालू राहिले. प्रथम शेजारी आले, मग कोळी बांधव, विद्यार्थी, नोकरदार. वस्तीतील सार्वजनिक शौचालये स्वच्छ झाली, नारळाची रोपे लागली. सुमारे अडीच किलोमीटरच्या या पट्ट्यातून पहिल्या दोन वर्षांच्या आत अंदाजे ५० लाख किलो कचरा निघाला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला.

सन्मानाने वाट सोपी झाली नाही. स्वयंसेवकांना होणारी शिवीगाळ आणि गोळा केलेला कचरा वेळेवर न उचलला जाणे, या दोन कारणांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहीम थांबवावी लागली. शासनाच्या आश्वासनानंतर ती पुन्हा सुरू झाली.

मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची किमान ८० पिल्ले समुद्राकडे निघाली. अनेक वर्षांत तेथे असे दृश्य कोणी पाहिले नव्हते. या कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभराहून अधिक अंडी घालते आणि समुद्रात परतते. पुढे सुमारे पन्नास दिवस त्या अंड्यांना वाळूचाच आधार असतो. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूचे तापमान ठरवते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते. किनारा स्वच्छ करणे जितके आवश्यक, तितकेच वातावरणाची तापवाढ रोखणेही आवश्यक का, हे या एका घरट्यावरून समजते. खनिज तेल आणि वायूपासून बनणारे प्लास्टिक या दोन्ही संकटांत भागीदार आहे.

भरतीबरोबर कचरा मात्र पुन्हा येतच होता. किनाऱ्यावर वेचणे हे वाहत्या नळाखालची फरशी पुसण्यासारखे आहे, हे उघड होते. म्हणून शाह यांचे काम पुढे मिठी नदीकडे आणि तिच्या काठच्या वस्त्यांकडे वळले. समुद्ररक्षणाची वाट अशी किनाऱ्यावरून उगमाकडे गेली.

या वाटेवर कोल्हापूरही येते. शहरातील जयंती नाला पंचगंगेला मिळतो, पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. कोकणचा समुद्र घाटाखाली इतका जवळ असूनही कोल्हापूरचे पाणी पूर्वेला वाहते. आणि त्या आंध्र किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. पूर ओसरल्यावर काठच्या झुडपांना लटकलेल्या पिशव्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना उरलेल्या पिशव्या कोठे गेल्या असतील हे सांगावे लागत नाही.

व्यापाऱ्याच्या खतावणीत वेष्टनाची खरेदी खर्ची पडते. त्या वेष्टनाच्या विल्हेवाटीचा खर्च मात्र कोणाच्याच नावे पडत नाही. तो नदी सोसते, समुद्र सोसतो, वाळूतले पिल्लू सोसते. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडधारकांवर टाकली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तरी गल्ल्यावर ‘पिशवी द्या’ म्हणणारे ग्राहक आहेत, आणि ग्राहक तुटेल या भीतीने ती देणारे दुकानदारही आहेत. ही भीती खोटी नाही. एकट्या दुकानाने नकार दिला तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाऊ शकतो; संपूर्ण पेठेने एकत्र ठरवले तर त्याला घरून पिशवी आणावी लागते.

लक्ष्मीपुरीत वा गुजरीत असा निर्णय घेण्यासाठी नव्या संस्थेची गरज नाही. व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांच्या बैठका होतात. प्रत्येक पेढीने एका महिन्यात प्लास्टिकचे किती वेष्टन आत आले, किती ग्राहकाच्या हाती गेले आणि किती भंगारवाल्याकडे परत गेले, याची नोंद ठेवावी. हिशेब समोर आला की काटकसर कोठे करायची, हे व्यापारी घराला शिकवावे लागत नाही. वर्सोव्यात दोघांनी प्रारंभ केला होता. पेठेत निदान दोन दुकाने तरी शेजारी शेजारी असतातच.