घशातला काटा आणि भाताचा गोळा



जेवताना घशात माशाचा काटा अडकला की आपल्या घरात पहिली हाक येते ती "कोरडा भात आणा" अशी. भाताचा गोळा करायचा आणि न चावता गिळायचा. त्याने नाही गेला तर केळं, मग भाकरीचा मोठा घास, मग पाठीत चार बुक्क्या. कुणी लिंबू-मीठ चाटायला देतं, कुणी पाणी मंतरून आणतं. एवढं सगळं करून झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस दवाखान्यात येतो. आमचं म्हणणं असं की भाताचा गोळा हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. ती सोडायला हवी. पण ती सुटायची असेल तर आपल्या घराबरोबर सरकारी दवाखान्यालाही बदलावं लागेल.

कुणी म्हणेल, भाताच्या गोळ्यात ना देव, ना मंत्र, मग अंधश्रद्धा कशी? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला धम्म दिला. गंडेदोरे, अंगारे-धुपारे आपल्या घरांतून गेले. पण "आमची आजी हेच करायची" हे कारण अजून गेलेलं नाही. तथागतांनी कालामांना हेच तर सांगितलं होतं: परंपरेने चालत आलं म्हणून मानू नका, मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. तर भाताचा गोळा पारखून पाहू.

काटा टोचल्यासारखं वाटतं तेव्हा पुष्कळदा काटा तिथे नसतोच. जाता जाता त्याने घशाला ओरखडा काढलेला असतो आणि तो पोटात उतरलेला असतो. ओरखड्याची टोचणी मागे राहते आणि साधारण दिवसभरात कमी होते. अशा माणसाने भात गिळला काय, नुसता बसून राहिला काय, बरं वाटणारच. श्रेय मात्र भाताला मिळतं. ज्याच्या घशात खरोखर काटा रुतलेला असतो, त्याची गोष्ट वेगळी. काटा बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असतो, म्हणजे सहज काढता येईल अशा जागी. वरून गोळा ढकलला तर तो आणखी आत रुततो किंवा खाली अन्ननलिकेत जातो. तिथे काट्याने भोक पडलं तर मानेत किंवा छातीत पू होतो आणि जिवावर बेततं. लिंबाने किंवा व्हिनेगरने घशातला काटा विरघळत नाही. आंबट रस क्षणात खाली उतरतो, काटा जागेवरच राहतो. बोट घालून चाचपडलं, मुद्दाम उलटी काढली, तर जखम वाढते.

मग करायचं काय? आधी एक गोष्ट ओळखायची: काटा टोचतो आहे, की श्वास कोंडला आहे?

माणूस जोरात खोकत असेल, बोलत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाज फुटत नसेल, खोकला येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर श्वासनलिकेत काहीतरी अडकलं आहे. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच वेळा जोरात थोपटा. नाही सुटलं तर मागून कवेत घ्या, एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरून आत-वर असा पाच वेळा झटका द्या. आलटून पालटून हेच करत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. गरोदर बाई असेल तर पोटावर नाही, छातीच्या मधल्या हाडावर दाब द्यायचा. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्याही पोटावर दाब देऊ नका. डोकं खाली ठेवून हातावर पालथं धरा, पाठीत पाच थोपट्या, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब. माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीवर उताणा झोपवून छातीच्या मध्यावर जोरात, भरभर दाब देत राहा.

श्वास ठीक असेल आणि फक्त टोचत असेल, तर घाबरू नका. खाणं थांबवा. पाण्याचे एक-दोन घोट चालतील. उजेडात तोंड उघडून बॅटरीने पाहा. काटा अगदी समोर दिसला आणि माणूस शांत बसत असेल, तरच चिमट्याने हलकेच काढा. दिसत नसेल तर आत काही घालू नका. टोचणी सौम्य असेल आणि कमी होत असेल तर सकाळपर्यंत वाट पाहता येईल. पण गिळताना दर वेळी एकाच जागी टोचत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लाळही गिळता येत नसेल, श्वासाला त्रास असेल, मान सुजली असेल, आवाज बदलला असेल, छातीत किंवा पाठीत दुखत असेल, ताप आला असेल, थुंकीत रक्त असेल, तर रात्र आहे म्हणून थांबू नका. ऑपरेशनच्या भूलीसाठी पोट रिकामं लागतं, म्हणूनही "जाण्याआधी दोन घास खाऊन घे" असं म्हणू नका.

दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर उजेडात, आरशाने किंवा बारीक दुर्बिणीने पाहतात. काटा वरच असेल तर घसा बधिर करून चिमट्याने काही मिनिटांत निघतो. एक लक्षात ठेवा, माशाचा काटा एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. "एक्स-रेत काही नाही" असं सांगून घरी पाठवलं आणि टोचणी तशीच राहिली, तर पुन्हा जा. दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनने पाहता येईल का, असं विचारा.

एवढं सोपं आहे, तर आपली माणसं उशिरा का येतात? अडाणीपणा, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. एका सरकारी रुग्णालयात आम्ही नोकरीला असताना घरकाम करणाऱ्या एक मावशी तिसऱ्या दिवशी आल्या. काय खाल्लं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "भाकरी." भाकरी अशी टोचत नाही. बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, तेव्हा बोलल्या, "सिस्टर, मागं लेकाला आणलं होतं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, तुम्ही लोक असलंच खाता आणि मग इथं गर्दी करता. परत कशाला ऐकून घ्यायचं?" शिवाय ओपीडीत जायचं म्हणजे एक खाडा, एका घरचं काम हातचं जाण्याची भीती. काटा टॉन्सिलमागे होता. तो लगेच निघाला. तीन दिवस त्यांनी तो सोसला तो पैशाच्या आणि अपमानाच्या भीतीने.

म्हणून आम्ही सांगतो, काय खाल्लं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मांदेली होती, तारली होती, रोहू होता की कोंबडीचं हाड होतं, यावर उपचार ठरतो. धम्माच्या वाटेवर मासे-मटण खावं की नाही, याची चर्चा विहारात जरूर करू. पण तिचा निकाल केसपेपरच्या खिडकीवर लावण्याचा अधिकार कुणालाही नाही. कुणी टोमणा मारला तर त्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीची पोच मागा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपण तिथे उपकार मागायला जात नाही.

सरकारकडेही मागणी हवी. वस्त्यांतली माणसं दिवसा कामावर असतात आणि मासे-मटण रात्रीच्या जेवणात असतं. काटा अडकतो तेव्हा ओपीडी बंद झालेली असते. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात रात्री घसा तपासणारा डॉक्टर आणि दुर्बीण असलीच पाहिजे. ही मागणी महिला मंडळांनी निवेदनात घालावी.

आणि काही कामं आपल्या हातात आहेत. कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांना टाळूला काटा जाणवत नाही, त्यांना मासा निवडून द्या. रोहू-कटल्यात बारीक दुतोंडी काटे फार असतात, मुलांचा घास बोटांनी चाचपून मगच भरवा. दारू पिऊन जेवणाऱ्याला काटा कळत नाही, हेही घरात बोला. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास काढा, जवळच्या आशाताईंना किंवा परिचारिकेला बोलवा आणि श्वास कोंडल्यावर पाठीत कसं थोपटायचं, पोटावर झटका कसा द्यायचा, ते सगळ्यांनी करून पाहा. शिकताना झटका प्रत्यक्ष देऊ नका, फक्त हाताची जागा शिका. आणि शेजारणीच्या घशात काटा अडकला तर भात घेऊन जाऊ नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.

जय भीम! नमो बुद्धाय!