ट्रॉल्यांनी घराचा भाव वाढत नाही

पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांत हयात घालवलेला माणूस निवृत्त होतो, इथलं घर विकून साताऱ्याकडे, लातूरकडे गावी जायचं ठरवतो, आणि पहिला सल्ला ऐकतो: "असं विकू नका. आधी घर नटवा. चार-पाच लाख घाला, दहा वाढवून मिळतील." सांगणारा एजंट असतो, इंटिरिअरवाला असतो किंवा वरच्या मजल्यावरचा स्नेही असतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच खात्यात आलेली असते. मग ओटा फोडला जातो, नव्या ट्रॉल्या बसतात, हॉलला पीओपीचं छत लागतं. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यात कष्टाचा पैसा जातो, म्हणून त्याचं खंडन करणं मला गरजेचं वाटतं.

आधी त्या सल्ल्यातला खरा भाग मान्य करू. रावेत, पुनावळे, मोशीत नव्या इमारतींचे सजवलेले नमुना फ्लॅट पाहून आलेलं कुटुंब चिंचवडच्या संभाजीनगरातलं पंचवीस वर्षांचं घर बघायला येतं, तेव्हा तुलना होणारच. नवरा चाकणला, बायको हिंजवडीत, दोघांना मिस्त्रीमागे फिरायला वेळ नाही. स्वच्छ, उजेडाचं घर त्यांना आवडतं आणि लवकर विकलं जातं. इथपर्यंत वाद नाही. पण लवकर विकलं जाणं वेगळं आणि जास्त पैसे मिळणं वेगळं. नटवण्याचा सल्ला देणारे या दोन गोष्टी एकत्र करतात.

आपल्या पट्ट्यात बहुतेक गिऱ्हाइकं कर्ज काढून घर घेतात. म्हणजे घराची किंमत दोघं ठरवतात, घेणारा आणि त्याच्या बँकेचा मूल्यांकनकार. हा मूल्यांकनकार चटईक्षेत्र मोजतो, इमारतीचं वय बघतो, मंजूर नकाशाशी घर ताडतो आणि आसपासच्या व्यवहारांचा दर लावतो. ट्रॉल्या, पीओपी, भिंतीतली कपाटं यांना त्याच्या हिशोबात जवळपास स्थान नसतं.

समजा, त्याने घर साठ लाखांचं धरलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांच्या वर आणि पंच्याहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. कर्ज मिळालं अठ्ठेचाळीस लाख. बारा लाख घेणाऱ्याने घालायचे, वर शहरात ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. आता तुम्ही सजावटीपोटी चौसष्ट लाख मागितलेत. बँक अठ्ठेचाळीसच्या पुढे जाणार नाही. वाढीव चारही लाख त्या तरुणाच्या खिशातून गेले पाहिजेत, आणि त्यावर मुद्रांक शुल्कही वाढलं. त्याच्याकडे ते नसतात. मग तो खाली ओढतो, आणि महिनाभर घर अडकून पडलं की तुम्ही साठवर येता. तुमच्या ट्रॉल्या त्याला फुकट मिळतात. काही एजंट यावर "फर्निचरचे वेगळे रोख घ्या" अशी वाट दाखवतात. घराचीच किंमत अशी फर्निचरच्या नावाने फिरवू नका. २०१५च्या जूनपासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा असतो.

"किचन आणि बाथरूम बदला, पैसे वसूल होतात," हे वाक्य मुळात अमेरिकेतून आलं आहे. तिथे दरवर्षी दुरुस्तीचा खर्च आणि विक्रीत मिळणारी वसुली यांची तुलना प्रसिद्ध होते. २०२४च्या त्या तुलनेत सगळ्यात वर गॅरेजचा दरवाजा होता. किरकोळ डागडुजी केलेल्या स्वयंपाकघराचा खर्च बराचसा वसूल होत होता, पण पूर्ण उकरून नव्याने केलेल्या स्वयंपाकघराचा निम्माही निघत नव्हता. तिकडचे आकडे इकडे लावू नयेत हे खरंच. पण ज्यांच्या नावावर हा सल्ला खपवला जातो, त्यांचेही आकडे त्याला साथ देत नाहीत.

याहून वाईट सल्ला म्हणजे ओलीवर रंग. पापुद्रे खरवडायचे, पुट्टी भरायची, चकचकीत रंग द्यायचा आणि पावसाळ्याच्या आत सौदा उरकायचा. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विकणाऱ्यावर स्पष्ट बंधन घालतो: घरातला किंवा हक्कातला जो मोठा दोष तुम्हाला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं कायद्याच्या लेखी फसवणूक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतलं त्याच्या बाळाच्या पाळण्यावर पहिल्याच जुलैत पाणी ठिबकावं, हे कुणाही सरळ माणसाला करवू नये.

आता मंडन. या शहरात विक्रीआधीची सर्वांत मोलाची दुरुस्ती कागदांची असते. पिंपरी-चिंचवडचा इतिहासच तसा आहे. कारखाने आले, माणसं आली, आणि गुंठा-अर्धा गुंठा घेऊन लोकांनी परवानगीविना घरं बांधली. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने नियोजित भूखंड दिले, पण ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. तिथलं घर विकताना हस्तांतरणाची परवानगी लागते. २०२१च्या जूनमध्ये प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन झालं आणि विकसित भाग महापालिकेकडे गेले, त्यामुळे कोणत्या कार्यालयात जायचं हेही आधी शोधावं लागतं. हे काम गिऱ्हाईक आल्यावर सुरू केलं तर गिऱ्हाईक थांबत नाही.

शास्तीकराबद्दल तर मोठा गैरसमज आहे. २०२३च्या मार्चमध्ये शासनाने इथल्या अवैध बांधकामांचा थकलेला शास्तीकर माफ केला. हजारो घरांवरचं ओझं उतरलं, आनंदच आहे. पण अनेकांनी त्याचा अर्थ "घर अधिकृत झालं" असा घेतला. कर माफ होणं म्हणजे बांधकाम नियमित होणं नव्हे. बँकेचा वकील ते पहिल्या पानावर ओळखतो. २००१चा गुंठेवारी कायदा २०२१मध्ये सुधारला गेला आणि ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ खुला झाला. ज्यांचं घर त्यात बसतं त्यांनी ट्रॉल्यांचे पैसे त्या शुल्कात घालावेत. कर्ज मिळू शकणारं घर आणि रोखीनेच विकावं लागणारं घर यांच्या भावातलं अंतर कुठल्याही ग्रॅनाइटने भरून निघत नाही.

आणि जिथे जागाच चुकीची, तिथे काहीच कामाला येत नाही. १७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही टिकला होता. त्या घरांत लोकांनी आयुष्याची पुंजी घातली होती. पूररेषेत किंवा देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या रेड झोनमध्ये घर असेल तर सजावटीचा विचार मनातून काढा, आधी वकिलाकडे जा.

"काहीच करू नका, भाव जागेला असतो," असं म्हणणारा दुसरा पंथही आहे. प्राधिकरणातल्या जुन्या बैठ्या बंगल्यापुरतं हे खरं आहे. घेणारा ते पाडून नवं बांधणार असेल तर तिथे रंगाचा डबाही वाया. फ्लॅटच्या बाबतीत मात्र हे म्हणणं टिकत नाही. गळकी न्हाणी पाहिली की गिऱ्हाईक दुरुस्तीचा खरा खर्च वजा करत नाही, भीतीचा खर्च वजा करतो, आणि तो नेहमी जास्त असतो.

म्हणून खर्च असा करावा. न्हाणीघराचा नहाणी ट्रॅप आणि लाद्यांचे सांधे, गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, बाहेरच्या भिंतीच्या भेगा. गच्ची सोसायटीची असेल तर सभेत विषय मांडून काम करून घ्या. गंजलेले नळ-पाइप बदला. २०१९च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाण्याची सवय करावी लागली, त्यामुळे बाई घरात शिरताच साठवण किती आणि पाणी चढतं का, हेच विचारते. चांगली टाकी आणि चालू पंप तिला महागड्या चिमणीपेक्षा जास्त पटतो. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी बसवा, सुटलेली वायर झाका, दारं-खिडक्या नीट लागतील अशा करा, डासांच्या जाळ्या लावा. ओल पूर्ण सुकल्यावर साधा फिकट रंग. परवानगीविना बंद केलेली बाल्कनी असेल तर ती नियमात बसवा किंवा मोकळी करा. बिलं जपा. घरात कायमची भर घालणारा खर्च बिलासह दाखवता आला तर तो भांडवली नफ्यातून वजा होतो, नुसत्या रंगरंगोटीला सहसा ती सवलत मिळत नाही.

चाकणकडे हिशोब निराळा. महाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळीत घर घेणारे अनेक जण राहायला येत नाहीत, खोल्या कामगारांना भाड्याने द्यायला घेतात. त्यांना प्रत्येक खोलीचा वेगळा वीजमीटर, बोअरचं पाणी, शौचालयांची संख्या आणि सांडपाण्याची सोय दिसली पाहिजे. पुढच्या पडवीला संगमरवर लावून भाडं वाढत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हाती असला की मालकी सिद्ध झाली, असंही तिथे सर्रास सांगितलं जातं. तो कर आकारणीचा उतारा आहे. सात-बारा आणि बांधकाम परवानगी वेगळी लागते.

गळतीचं काम एप्रिल-मेमध्ये उरका आणि घर जुलैत दाखवा. भर पावसात कोरडं छत पाहिलेला माणूस दुरुस्तीच्या नावाखाली भाव पाडत बसत नाही. तोवर इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भागदाखला आणि मिळकतकराची पावती एका फाइलीत लावून ठेवा, आणि बयाणा घेण्याआधीच तिची प्रत घेणाऱ्याच्या हातात द्या.