काय बदलायचं नव्हे, कधी तापलं?

चोर्ला घाटात बोनेट उघडून थांबलेली गाडी आपल्या बेळगावकरांना नवी नाही. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता पलंग, स्वयंपाकघर नि पाण्याची टाकी घेऊन घाट चढणारी मोटरहोमही दिसू लागतील. वजन जास्त, म्हणून इंजिन तापण्याचा धोकाही जास्त.

माझं म्हणणं एवढंच, की आधी प्रश्न विचारा, मग पाना हातात घ्या. आपल्याकडे उलटं चालतं. काटा लाल पट्ट्यात गेला की कुणी थर्मोस्टॅट काढून टाकतो, कुणी थेट नवा रेडिएटर बसवतो. खिसा रिकामा होतो आणि पुढच्या चढावर काटा पुन्हा वर!

खरं तर गाडी कधी तापते, यातच निम्मं उत्तर असतं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते? मग पंखा किंवा त्याचा क्लच बघा. चढावर किंवा वेगात तापते? रेडिएटर आतून गाळाने, बाहेरून धूळ-तेलाने चोंदलाय का ते पाहा. इंजिन मागे असलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये हे हमखास होतं. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते? कूलंट कमी असेल, नाहीतर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल. गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि पांढरा धूर येतोय? मग हेड गॅस्केटची शंका घ्या.

‘थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड चालते’ असं सांगणारे भेटतीलच. पण थंड चालणं म्हणजे बरं चालणं नव्हे. डिझेल जास्त लागतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर कूलंट रेडिएटरला वळसा घालून बायपासनेच फिरतं आणि ताप उलट वाढतो.

घाई पैशावरच भागत नाही, जिवावरही बेतते. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलंत, की तोच दाब उकळत्या फवाऱ्यासारखा तोंडावर येतो. त्यापेक्षा गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पूर्ण निवेपर्यंत थांबा.

मराठीत ‘निदान’ म्हणजे रोगाची ओळख आणि ‘निदान’ म्हणजे कमीत कमी. तेव्हा मित्रहो, घाटात अडकलात तर निदान निदान तरी नीट करा!