सामना कोणाला कळतो?

1999 साली 'पुशिंग टिन' नावाचा हॉलिवूडचा विनोदी चित्रपट आला आणि पडला. वरवर पाहता पडण्यासारखे त्यात काही नव्हते. दिग्दर्शक माइक नेवेल यांनी पाचच वर्षांपूर्वी 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्यूनरल' जगभर गाजवला होता. लेखक ग्लेन आणि लेस चार्ल्स हे भाऊ म्हणजे 'चिअर्स' मालिकेचे कर्ते. नट पाहावेत तर जॉन क्युसॅक, बिली बॉब थॉर्नटन, केट ब्लँचेट, अँजेलिना जोली. न्यूयॉर्कच्या विमानतळांची विमाने हाताळणाऱ्या केंद्रातले दोन कंट्रोलर एकमेकांवर कुरघोडी करतात, एवढीच गोष्ट. तरी खर्चही निघाला नाही.

पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे म्हणणे तेव्हापासून साधारण एकच आहे : पूर्वार्ध झकास, पुढे गाडी घसरते. रडारसमोरची चढाओढ संपते आणि दोघांच्या बायकांवरून लफडी सुरू होतात. शेवटी दोघे धावपट्टीजवळ उभे राहून उतरत्या विमानामागच्या झोताने उडून पडतात, ते तर अनेकांच्या पचनी पडत नाही. मत रास्त आहे. पण त्याचे कारण 'पटकथा ढिली' एवढ्यावर सोडून देता येत नाही. ते कारण आमच्या भागातल्या जुन्या फडात अधिक स्पष्ट दिसते.

काकतीहून निपाणीकडे जाणारा हमरस्ता ज्या मुलखातून जातो, तिथल्या जत्रांना भांडण ऐकण्याची जुनी सवय आहे. शाहिरांतले कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसायचे. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. डफावर थाप पडली, तुणतुणे लागले की एका बाजूने पुराणातले कोडे टाकायचे आणि दुसऱ्या बाजूने त्याच चालीत उत्तर देऊन वर आपला सवाल चिकटवायचा. याच पट्ट्यात कानडीत गीगी पदे चालत. तिथे हरदेशी आणि नागेशी असे दोन पक्ष, आणि वादही त्याच जातीचा : पुरुष मोठा की स्त्री मोठी? दोन्ही भाषा कानावरून गेलेला माणूस दोन्हीकडे बसून रात्र काढू शकत होता.

या भांडणात गंमत होती, कारण समोर बसलेल्याला पुराण ठाऊक होते. सवालात फसवणूक कुठे आहे, उत्तर खरे आहे की शाहीर नुसता आवाज चढवून वेळ मारून नेतो आहे, हे शेतावरून थेट आलेल्या गड्यालाही कळे. पंच नेमायची गरज नसे. शाहीर अडखळला की लोकच हुर्यो उडवत. (1956 पासून सीमाभागाचे भांडण आयोग, सभागृहे आणि न्यायालय यांच्याकडे फिरते आहे, फडावर ते एका रात्रीत निकालात निघाले असते, असे म्हणण्याचा मोह होतो.)

पुढे हाच प्रेक्षक संगीत नाटकाकडे वळला, तेव्हा कान तयार घेऊनच गेला. गायक-नट केशवराव भोसले यांनी 1908 साली 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली ती हुबळीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातच. त्यांची आणि बालगंधर्वांची स्पर्धा महाराष्ट्रभर पसरलेली. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत दोघे एकाच रंगमंचावर आले. नाटक खाडिलकरांचे 'मानापमान', बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव वारले. आपण मात्र शंभर वर्षे वाद घालत आहोत की त्या रात्री बाजी कोणी मारली. असा वाद टिकतो तो ऐकणाऱ्याला तान, दम आणि शब्दफेक यांतले काही तरी कळत असते म्हणून.

आता चित्रपटातल्या केंद्राकडे, लाँग आयलंडच्या त्या अंधाऱ्या खोलीत येऊ. पडद्यावर हिरवे ठिपके, प्रत्येकाजवळ आकडे. विमानतळाच्या आसपास रडारखाली दोन विमानांत साधारण तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर राखायचे, नाहीतर वर-खाली हजार फूट. हे साडेपाच किलोमीटर म्हणजे काकतीहून बेळगावात शिरायला जेवढे अंतर पडते, जवळपास तेवढेच. ताशी साडेचारशे किलोमीटर वेगाने येणारे विमान ते पाऊण मिनिटात कापते. पुढचे विमान अवजड असेल तर त्याच्या मागच्या भोवऱ्यांसाठी आणखी जागा सोडावी लागते. थॉर्नटनचा रसेल बेल याच अंतरात विमाने अगदी चिकटवून बसवतो, आणि क्युसॅकच्या निकला घाम फुटतो. कंट्रोलरला या प्रसंगात दोघांची पायरी चटकन दिसत असणार. तुम्हा-आम्हाला फक्त ठिपके दिसतात.

डॅर्सी फ्रे यांच्या 1996 सालच्या ज्या लेखावर चित्रपट बेतला, तो याच केंद्रातल्या ताणाचा होता. त्या ताणाला इतिहासही होता. ऑगस्ट 1981 मध्ये अमेरिकेतले सुमारे 13,000 कंट्रोलर संपावर गेले आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 11,000 हून अधिकांना घरी बसवले. उरलेल्यांनी आणि नव्याने भरलेल्यांनी तो गाडा ओढला. चित्रपटात हे जवळजवळ नाहीच. आपल्याकडे या कामाचे नाव घरोघरी पोचले ते 12 नोव्हेंबर 1996 नंतर. चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, 349 जण गेले. हजार फुटांचे अंतर सुटले की काय होते, हे त्या संध्याकाळी देशाला कळले. त्यापूर्वी बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ 1942 पासून असूनही तिथल्या मनोऱ्यात बसलेला माणूस नेमके काय करतो, हे बेळगावात कितीजण सांगू शकले असते?

म्हणूनच पटकथाकार बायकांकडे वळले, असे मला वाटते. एकाची बायको दुसऱ्याकडे गेली, हे समजायला रडार लागत नाही. हार-जीत तिथे सर्वांना दिसते. पण त्याने चित्रपटाचे वेगळेपण गेले. कुठल्याही दोन कारकुनांची, दोन डॉक्टरांची ती गोष्ट झाली. ज्या पूर्वार्धाची लोक तारीफ करतात तिथे दिग्दर्शक निदान कामाची लय तरी दाखवतो : एका दमात बोललेले आकडे, हातातल्या विमानांच्या नोंदींच्या पट्ट्या, जेवणाच्या टेबलावरच्या फुशारक्या. आणखी अर्धा तास खर्चून त्याने प्रेक्षकाला ते कोडे सोडवायला शिकवले असते, तर विमानांच्या त्या रांगेवरही प्रेक्षागृहात हुर्यो उठली असती.

मराठीत असे नाटक कोणाला लिहायचे असेल तर विमानतळावर जाऊ नये. निपाणीच्या बसस्थानकावर दोन वाहतूक नियंत्रक बसवावेत, एक महाराष्ट्र एसटीचा, एक कर्नाटकचा. एकच फलाट, कोल्हापूरची गाडी दोघांचीही, आणि सीमावाद पेटल्याने सीमेवरच्या कोगनोळीला दोन्हीकडच्या बस अडकलेल्या. चुकीची गाडी कोणी लावली, हे सांगायला इथे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येकजण उठून उभा राहील, आणि निम्मे लोक कानडीत सांगतील.