कोरी पाटी आणि भरलेली पाटी

बाजारांत नवें यंत्र आलें कीं त्याजबरोबर एक नवा वादहि येतो. आणि यंत्र जुनें झालें तरी वाद मात्र मिटत नाहीं. टॅब्लेट संगणकाचें असेंच झालें आहे. २७ जानेवारी २०१० रोजीं स्टीव्ह जॉब्स यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड लोकांपुढें धरला. तेव्हांपासून या जातीचीं नवीं नवीं यंत्रें निघत आहेत. प्रत्येक नवें यंत्र मागच्याहून सरस असल्याची ग्वाही दिली जाते. आणि प्रत्येक वेळीं सुशिक्षित घरांतून तोच प्रश्न विचारला जातो : 'मुलासाठीं हें घ्यावें कीं नाहीं?' प्रश्न घरगुती दिसतो. परंतु त्याचें उत्तर घरापुरतें राहत नाहीं. आपण घरांत जें उत्तर देतों तेंच उद्यां नगरपालिकेच्या सभागृहांत व शिक्षणखात्याच्या अंदाजपत्रकांत जाऊन बसतें. म्हणून त्याचा जरा कसून विचार करणें अवश्य आहे.

या वादांत सर्वांत प्रामाणिक साक्ष, आमच्या मतें, खुद्द विक्रेत्यांनींच दिली आहे. मे २०२४ मध्यें ॲपलनें अवघा ५.१ मिलिमीटर जाडीचा, १३ इंची पडद्याचा आयपॅड प्रो बाजारांत आणला; भारतांत त्याची किंमत १ लाख २९ हजार ९०० रुपयांपासून सुरू झाली. त्याच्या जाहिरातींत एक प्रचंड दाबयंत्र हळूहळू खालीं येतें, आणि त्याखालीं पियानो, ट्रंपेट, रंगांचे डबे, कॅमेरा, पुतळा, पुस्तकें हीं सारीं चिरडून जातात. दाबयंत्र पुन्हां वर उचललें जातें तों तेथें एक चपटी कांच तेवढी उरलेली! हें सर्व या एका वस्तूंत सामावलें आहे, असें कंपनीस सुचवावयाचें होतें. कलावंत मात्र खवळले. दोन दिवसांत कंपनीनें दिलगिरी व्यक्त केली आणि ती जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखविण्याचा बेत सोडून दिला. आमच्या मतें दिलगिरीचें कांहीं कारण नव्हतें. जाहिरात खरें तेंच बोलत होती. पियानो बोटांकडून वर्षानुवर्षांची मेहनत मागतो; रंग सांडतो, सुकतो, बिघडतो; पुस्तक एका जागीं बसावयास लावतें. प्रत्येक जड वस्तु शिकणाऱ्यास थोडा विरोध करते, आणि त्या विरोधाशीं झगडूनच हात व बुद्धि तयार होतात. हा विरोध चिरडून टाकला म्हणजे जें गुळगुळीत उरतें, तें विकावयास सोपें असतें, हें त्या दाबयंत्रानें उत्तम रीतीनें दाखविलें.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें पाहूं. तें त्याच्याच जोरानें मांडून मग उत्तर द्यावें, हा वादाचा जुना शिष्टाचार आहे. टॅब्लेटचे कैवारी म्हणतात : एक, शाळकरी मुलाचें दप्तर त्याच्या पाठीस पेलेनासें झालें आहे, सर्व पाठ्यपुस्तकें अर्ध्या किलोच्या यंत्रांत मावत असतील तर हा हमालीचा जुलूम कशासाठीं? दोन, ज्या गांवांत ग्रंथालय नाहीं तेथें हें यंत्रच ग्रंथालय होईल. तीन, प्रत्येक मूल आपापल्या गतीनें शिकूं शकेल. चार, जग ज्या साधनानें चालतें तें मुलांपासून दूर ठेवणें म्हणजे त्यांस जाणूनबुजून मागें ठेवणें होय. आणि या सर्वांवर कळस म्हणून एक उपमा देतात : आजोबांच्या हातीं दगडी पाटी होती, नातवाच्या हातीं कांचेची पाटी आली, यांत बिघडलें काय?

सर्व घोटाळा या उपमेंतच आहे. पाटीचा मुख्य गुण कोणता? ती कोरी असते. पंतोजीच्या शाळेंतील धुळपाटी असो, कीं लांकडी चौकटीची दगडी पाटी असो, मुलाच्या हातीं येते तेव्हां तिच्यावर कांहींच नसतें. जें उमटेल तें त्याच्याच हातून उमटेल. चुकलें तर ओल्या फडक्यानें पुसून पुन्हां त्यालाच लिहावें लागेल. पाटी मुलाची करमणूक करीत नाहीं, त्याला शाबासकीचे तारे देत नाहीं, पुढें काय पाहावें हें सुचवीत नाहीं. ती नुसती वाट पाहते. टॅब्लेट याच्या उलट. तो हातीं येतो तोच भरलेला. त्यांत इतरांनीं इतकें रचून ठेविलेलें असतें कीं मुलाच्या वांट्यास बोट सरकविण्यापलीकडे फारसें कांहीं उरत नाहीं. पाटी हें शेत आहे, टॅब्लेट ही बाजारपेठ आहे. बाजारपेठ वाईट नव्हे. परंतु तींत फिरून कोणी शेती शिकल्याचें ऐकिवांत नाहीं.

हा यंत्राचा जन्मजात स्वभाव आहे, त्यास इलाज नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७२ सालीं, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत असतां, सर्व वयांच्या मुलांसाठीं वहीएवढ्या संगणकाचा एक आराखडा मांडला आणि त्यास 'डायनाबुक' असें नांव दिलें. मुलानें त्यावर वाचावें, लिहावें, चित्रें काढावींत, आणि मुख्य म्हणजे यंत्रानें काय करावें हें स्वतः यंत्रास शिकवावें, ही त्याची कल्पना होती. मूल हें त्या यंत्राचें गिऱ्हाईक नव्हतें. तें त्याचें धनी होतें. अडतीस वर्षांनीं आयपॅड आला, त्यानें या कल्पनेंतील आकार उचलला आणि आत्मा दुकानाबाहेर ठेविला. 'स्क्रॅच' ही अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत तयार झालेली, मुलांना आपले खेळ व गोष्टी आपणच रचतां याव्यात म्हणून केलेली संगणकभाषा आहे. तींत मुलांनीं रचलेल्या कृति ॲपलच्या यंत्रांवर दाखविणारें एक ॲप एप्रिल २०१० मध्यें कंपनीनें आपल्या दुकानांतून काढून टाकलें. कारण बाहेर रचलेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालूं द्यावयाचा नाहीं, असा तिचा नियम होता. पुढें नियम सैल झाला आणि २०१४ सालीं लहान मुलांसाठीं स्क्रॅचचें एक सोपें रूप आयपॅडवर आलेंहि. तथापि आधीं दुकान व मागाहून मुलाची निर्मिति, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

'निर्मितीचें राहूं द्या,' प्रतिपक्षी म्हणेल, 'निदान वाचनाचें तर हें अपूर्व साधन आहे ना?' येथेंहि भावना बाजूस ठेवून पुरावा पाहूं. डेल्गाडो प्रभृति संशोधकांनीं २००० ते २०१७ या काळांतील ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. त्यांस असें आढळलें कीं, तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांस पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षां अधिक समजतो. निव्वळ कथानकाच्या बाबतींत हा फरक दिसला नाहीं. माहितीपर मजकुराच्या बाबतींत तो स्पष्ट दिसला, आणि वेळेचें बंधन असतां तो वाढला. आणखी एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे : जसजशीं वर्षें गेलीं आणि लोक पडद्यास सरावले, तसतसा हा फरक कमी न होतां वाढला. म्हणजे 'संवयीनें सर्व ठीक होईल' हा नेहमींचा दिलासा येथें लागू पडत नाहीं. फरक मोठा नाहीं हें खरें. परंतु पाठ्यपुस्तक हें माहितीपर असतें, आणि परीक्षा वेळ लावूनच घेतली जाते. जेथें कागद सरस ठरतो तेथूनच त्यास हांकलून द्यावयाचें, हा कोणता न्याय?

महाविद्यालयांत शिकवितांना याचें प्रत्यंतर आम्हांस रोज येतें. फळ्यावरील मजकुराचा फोटो घेतला कीं तास पदरांत पडला, अशी विद्यार्थ्यांची प्रामाणिक समजूत असते. एकेकाच्या टॅब्लेटमध्यें शेंदीडशें ग्रंथ असतात. त्यांतील एखाद्याविषयीं विचारावें तर 'माझ्याकडे आहे, सर' असें उत्तर मिळतें. असणें आणि वाचणें यांतील अंतर पुसट करणें, हें या यंत्राचें सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत घातक कार्य होय.

ज्यांनीं हा मार्ग आमच्या आधीं चोखाळला त्यांचीं पाउलें आतां कोणीकडे वळत आहेत, हेंहि पाहावें. स्वीडनच्या शाळांनीं पडद्याचा स्वीकार मोठ्या उत्साहानें केला होता. चौथीच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय वाचनपरीक्षेंत त्या देशाचे गुण २०१६ सालीं ५५५ होते, ते २०२१ सालीं ५४४ झाले. या घसरणीस टॅब्लेटच कारण, असें आम्ही म्हणत नाहीं. मध्यें महामारीचा काळ गेला हें विसरून चालणार नाहीं. तथापि त्या श्रीमंत व यंत्रनिपुण देशाच्या सरकारनें २०२३ सालीं छापील पाठ्यपुस्तकांसाठीं ६८ कोटी ५० लाख क्रोनर काढून ठेविले. या देशास कोणी मागासलेला म्हणणार नाहीं.

आतां सार्वजनिक पैशाकडे वळूं. कारण खरी हानि तेथें आहे. अमेरिकेंतील लॉस एंजेलिसच्या शाळामंडळानें जून २०१३ मध्यें ३ कोटी डॉलरांच्या पहिल्या हप्त्यास मंजुरी देऊन प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातीं आयपॅड देण्याची योजना सुरू केली. सप्टेंबरांत सुमारें ३०० विद्यार्थ्यांनीं त्यावरील कुलपें उघडून तीं यंत्रें करमणुकीस लावलीं. त्यांबरोबर विकत घेतलेला अभ्यासक्रम अपुरा निघाला. आणि ऑगस्ट २०१४ मध्यें करार गुंडाळावा लागला. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लींत 'आकाश' टॅब्लेटचें थाटानें उद्घाटन झालें. सरकारनें तो सुमारें सव्वादोन हजार रुपयांस घेतला. हेतु उदात्त होता, परंतु यंत्र मंद होतें आणि बॅटरी दोन-तीन तासांपलीकडे टिकत नसे. पुढें ही योजना मुंबईच्या आय. आय. टी. कडे आली, सुधारलेला 'आकाश' निघाला, त्यावर विद्यार्थ्यांस स्वतः प्रोग्राम लिहितां यावेत अशी सोयहि तेथील प्राध्यापकांनीं केली. ती गोष्ट खचित अभिनंदनीय. तरी कांहीं वर्षांत योजना विझली. २०१५ सालीं मुंबई महानगरपालिकेनें आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकें भरलेले टॅब वांटले. हेतु दप्तराचें ओझें कमी करण्याचा. पण ओझें कमी करण्यास वेळापत्रक सुधारणें, वह्या शाळेंतच ठेवण्यास एक कपाट देणें, हेहि उपाय आहेत. फक्त त्यांचें उद्घाटन करतां येत नाहीं!

आमच्या आक्षेपाचें मर्म येथें आहे. सुखवस्तु घरांतील मुलास टॅब्लेट मिळतो तो इतर सर्व गोष्टींच्या जोडीस मिळतो : घरांत पुस्तकांचें कपाट असतें, आईबाप शिकलेले असतात, शिकवणीस मास्तर असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेंतील मुलास तोच टॅब्लेट या गोष्टींच्या ऐवजीं मिळण्याचा धोका असतो. शिक्षकाची जागा रिकामी, ग्रंथालयाचें कपाट कुलूपबंद, आणि मुलाच्या हातीं चकाकती कांच! एकास जो अलंकार, तो दुसऱ्यास अन्नाच्या जागीं वाढावयाचा, यास समता म्हणत नाहींत.

तर मग या यंत्राचें मोल शून्य आहे काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. अंधास तें वाचून दाखवितें. क्षीण दृष्टीच्या वृद्धास अक्षर हवें तेवढें मोठें करून देतें. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश आज कोणासहि घरबसल्या पाहतां येतात. हें ऋण आम्ही मनःपूर्वक मानतों. संगणकाच्या साह्यानें शिकविण्याचा एक चांगला प्रयोग दिल्लींत २०१५ सालीं झाला. मुरलीधरन, सिंग व गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनीं सोडत काढून कांहीं मुलांस एका शिकवणीकेंद्रांत प्रवेश दिला. तेथें प्रत्येक मुलास त्याच्या खऱ्या पातळीचा गणित व हिंदी यांचा अभ्यास संगणक देत असे. साडेचार महिन्यांत त्यांची प्रगति इतरांहून स्पष्टपणें अधिक झाली. परंतु दीड तासाच्या त्या सत्रांतील निम्मा वेळ मुलें लहानशा गटांत शिक्षकासमोर बसत, हें प्रयोगाची थोरवी गाणारे सांगावयास विसरतात. यंत्र तेथें शिक्षकाच्या हाताखालीं होतें. योग्य जागीं बसविलेलें यंत्र गुणकारी ठरतें, एवढेंच यावरून निघतें. आणि तेवढें आम्हांस मान्य आहे.

म्हणून पालकांनीं आणि त्याहूनहि अधिक लोकप्रतिनिधींनीं खरेदीपूर्वीं तीन प्रश्न विचारावे. या यंत्रावर मूल काय करील : पाहील, कीं रचील? तें चालवितांना त्याच्याजवळ बसणारें जाणतें माणूस कोण? आणि याच पैशांत किती पुस्तकें, किती शिक्षक मिळाले असते? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळाल्यास टॅब्लेट खुशाल घ्यावा. तें उत्तम साधन ठरेल. तीं न मिळाल्यास विक्रेत्यानें दाखविलेल्या जाडीस, वजनास व वेगास भुलूं नये. हे यंत्राचे गुण आहेत, शिक्षणाचे नव्हत. मुलाच्या हातीं प्रथम कांहीं कोरें द्यावें, मग तें पाटी असो, वही असो, कीं कोरा पडदाहि असो. आणि त्यावर त्यानें स्वतः कांहीं उमटविल्यावर मगच इतरांनीं भरलेलें त्याच्यापुढें ठेवावें. हा क्रम ज्या घरानें व ज्या शाळेनें पाळला, तेथें कोणतेंहि नवें यंत्र आलें तरी चिंता करण्याचें कारण नाहीं.