‘नवीनच घेतो’ म्हणण्याआधी

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली



सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं संगणक-दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढतं तेच एक वाक्य घेऊन: “मशीन लई स्लो झालंय. एकदा फॉरमॅट मारून बघा, नाहीतर नवीनच घेतो.” नवीन घेतलं तर माझं काम जातं, हे उघड आहे. पण गिऱ्हाइकाचे पैसे त्याहून कितीतरी जास्त जातात, आणि बहुतेकदा विनाकारण जातात. म्हणून हे पत्र.

आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क निघते. मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं हेड जागेवर सरकायचं, मग हवा तो तुकडा फिरत त्याच्याखाली यायचा. असे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला जेमतेम शंभरेक उचलते. बटण दाबलं की विंडोज मात्र हजारो बारक्या फायली मागते. किराणा दुकानात एकच पोऱ्या, आणि प्रत्येक पुडीसाठी त्यानं माळ्यावर चढायचं, तशातली गत. टास्क मॅनेजर उघडावा: डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, सीपीयू मात्र निवांत. आजारी कोण, ते तिथंच कळतं.

हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीसुद्धा असे हजारो तुकडे सेकंदात हजर करते. जुनी डिस्क क्लोन करून ती बसवायला एक दुपार पुरते. दुसरं दुखणं रॅमचं. ४ जीबी रॅम ब्राउझरच्या चार-सहा टॅबनीच भरते. जे मावत नाही ते विंडोज डिस्कवर नेऊन ठेवते, म्हणजे पुन्हा माळ्याची चढ-उतर. ८ जीबी केली की ती थांबते. तिसरं, धूळ. ब्लोअर तुंबला की तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. ब्रश फिरवून नवी पेस्ट लावली की ताळ्यावर येतो. नुसत्या फॉरमॅटनं थोडे दिवस बरं वाटतं, आणि वेग वाढवून देतो म्हणणारी ‘क्लीनर’ सॉफ्टवेअरं पुष्कळदा स्वतःच ओझं होऊन बसतात.

इतकं सोपं आहे, तर अडतं कुठं?

पहिली अडचण हार्डवेअरची. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका पातळसा, देखणा लॅपटॉप घेऊन आल्या. ४ जीबी रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, जादा स्लॉट नाही. “सर, थोडी वाढवून द्या ना,” त्या म्हणाल्या. मी हात जोडले. मुळात मशीन घेताना, रॅम पुढं वाढणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खोक्यावर पातळपणाचं कौतुक होतं, या गोष्टीचा शब्द नव्हता.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचे आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीबाहेर आहेत. एसएसडी टाकून ठणठणीत पळणारं मशीन असं कागदोपत्री म्हातारं ठरतं. मी मिंट, उबुंटूसारखं लिनक्स घालून देतो. आपल्या सी-डॅकची बॉससुद्धा आहे. पण ज्याचं पोट श्रीलिपीवर किंवा टॅलीवर आहे, त्याला विंडोज सोडवत नाही.

आपल्या विभागानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती निर्देशांकासाठी समिती नेमली, तिचा अहवालही २०२५ मध्ये आला. हे काम मोलाचं आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. तेव्हा माझं मागणं तीन ओळींचं आहे. निर्देशांक मोबाइलपाशी थांबू नये, लॅपटॉप आणि डेस्कटॉप त्यात यावेत. रॅम, डिस्क आणि बॅटरी बदलता येते की नाही, ते खोक्यावर किमतीशेजारी ठळक छापलं जावं. आणि सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, तेही तिथंच लिहिलं जावं.

नव्या ई-कचरा नियमांनी १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मालाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण ती वेळ येते मशीन भंगारात गेल्यावर. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे.

फ्रिज घेताना आमच्याकडचा माणूस आता वीजबचतीचे तारे मोजतो. कुणी वर्ग घेतला नाही. तारे समोर छापलेले होते, म्हणून शिकला. लॅपटॉप घेताना तो स्लॉटही मोजेल. तेवढं खोक्यावर छापायला लावा.

आपला,
एक संगणक-दुरुस्तीवाला