कनूची सहल चैन नव्हे

संपादक महोदय,


नोकरकपातीच्या दिवसांत कनू (वल्ह्यांची छोटी होडी) घेऊन रानात जाणे ही चैन आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटले नाही. मी मिनेसोटात राहतो. इथल्या बाउंड्री वॉटर्समध्ये हजाराहून अधिक तळी आहेत आणि बहुतेकांवर मोटरबोटीला बंदी आहे. आत हॉटेल नाही की दुकान नाही. परवान्याचे शुल्क सहलीमागे एकदाच. शिधा घरचाच, डाळ-तांदूळ आणि भाजलेला रवा. तिथवर गाडीने जायला पेट्रोलचा खर्च होतो, हे खरे. बिनपगारी रजा ज्याला परवडत नाही, त्याची अडचणही खरी. पण एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना कनू खांद्यावर घ्यावी लागते, सामान वाटून घ्यावे लागते. तिथे हुद्दा कुणी विचारत नाही. नोकरी गेलेला माणूस नेमका याच सोबतीला मुकलेला असतो.

शिवाय या तळ्यांना कायद्याचे मोठे संरक्षण मिळाले ते महामंदीतच. १९३० च्या शिपस्टेड-नोलन कायद्याने तिथल्या सरकारी जमिनीवर किनाऱ्यापासून ४०० फुटांपर्यंतची वृक्षतोड रोखली. संसदेच्या संमतीशिवाय धरणे बांधून पाण्याची पातळी बदलायलाही मनाई केली. पुढे सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कॉर्प्स या सरकारी रोजगार योजनेतल्या बेकार तरुणांनी तळ्यांना जोडणाऱ्या काही पायवाटा बांधल्या. त्या वाटांवरून आपण आजही चालतो.

पत्रलेखकांना येत्या उन्हाळ्यात यायचे असेल, तर माझी कनू आणि तंबू त्यांच्यासाठी विनामूल्य हजर आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहेच.

— एक वाचक, मिनियापोलिस